माझा रोजा आहे

बावन्न वर्षांत माझा एकही रोजा चुकला नव्हता. ही गोष्ट मी स्वतःच्या तोंडाने कधी सांगितली नाही; दुसऱ्याने सांगावी अशी व्यवस्था मात्र करत असे. इफ्तारच्या वेळी मशिदीत एखादा पोरगा उन्हाच्या नावाने कुरकुरला, की मी शेजारच्या कमालभाईकडे नुसतं बघायचो. मग कमालभाई सांगणार, "या मुनाफने बॉयलरवर रोजे केलेत, बाबा. मे महिन्यात." आणि मी मान खाली घालून खजूर निवडत बसणार.

खोटं काही नव्हतं त्यात. बोईसरच्या एमआयडीसीत, कापड रंगवायच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. त्या खोलीच्या मागे एक नळ होता. दुपारी तिथे कुणी फिरकत नसे. तोंडावर पाणी मारताना दोन घोट आत गेले असते, तर कुणाला कळलं असतं? बघणारा एकच, आणि त्याच्यासाठीच तर रोजा. तरुणपणी त्या नळासमोर उभं राहिलं की मला फार शांत वाटायचं. तहान माझी आणि ठाऊक फक्त त्याला. ही दोघांतली गोष्ट पुढे सगळ्या मोहल्ल्याची कधी झाली, ते माझं मलाच समजलं नाही.

दिवाळीपासून मला इन्सुलिन सुरू झालं. रमजान आठ दिवसांवर आला तेव्हा जैनब, म्हणजे माझी बायको, मला धरून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर हेतल माझ्या मुलीच्या वयाची, पण बोलते हेडमास्तरणीसारखी. म्हणाली, "काका, इन्सुलिन घेऊन दिवसभर उपाशी राहिलात तर बेशुद्ध पडाल. न घेता राहिलात तर त्याहून वाईट. यंदा रोजे नाहीत. पुढेही नाहीत."

मी म्हणालो, "बॉयलरवर केलेत."

"तेव्हा तुम्हाला साखर नव्हती," ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मी मौलानांकडे गेलो. वाटलं, ते तरी माझी बाजू घेतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की ज्याचं दुखणं बरं होणारं नाही त्याला सूट आहे. त्याने चुकलेल्या प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावं, म्हणजे फिदया द्यावा. "रोजा ठेवायला ज्याने सांगितलं, त्यानेच ही सूट दिलीय, मुनाफभाई. एक हुकूम मानायचा आणि दुसरा नाही, हे कसं चालेल?"

मी रागावून घरी आलो.

जैनब म्हणाली, "तीस दिवसांचा तांदूल एकदम देऊन टाकू कुनाला तरी. सुटलो." पण मी हट्टाला पेटलो. रोजा नाही तर नाही, निदान माझ्या ओट्यावर रोज एक माणूस जेवलं पाहिजे. आणि दुसरी एक गोष्ट मी मनात ठरवून टाकली, ती जैनबलाही सांगितली नाही. माझे रोजे बंद झालेत हे मोहल्ल्यात कुणालाही कळू द्यायचं नाही. दुपारी आतल्या खोलीत पडदा ओढून जेवायचं आणि संध्याकाळी मशिदीत नेहमीच्या जागी जाऊन बसायचं. सहासष्टाव्या वर्षी कमालभाईने मला बघून विषय बदलावा, हे मला सहन होणार नव्हतं. बस, एवढंच होतं. मोठं कारण काही नव्हतं.

जेवायला माणूस सापडलं ते ठकीबाय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाका आहे, तिथे ती ताडगोळे विकायला बसते. सफाळ्याकडच्या पाड्यावरून सकाळी येते, चारच्या सुमाराला परत जाते. नवरा नाही, मुलगा कुठे वापीला कामाला गेला तो गेलाच. वय माझ्याएवढं असेल. मी तिला म्हणालो, "ठकीबाय, महिनाभर दुपारचं जेवण आमच्याकडे." तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. फुकट जेवायला बोलावणारा माणूस तिने फारसा पाहिलेला नसावा.

"काम काय करायचा?" तिने विचारलं.

"काही नाही. जेवायचं."

पहिल्या दिवशी ती दीड वाजता आली. मी साडेबारालाच आत गुपचूप जेवून, तोंड पुसून, ओट्यावर येऊन बसलो होतो. जैनबने ताट आणलं: भात, सुक्या बोंबलाचं कालवण, एक भाकरी. जैनबचा रोजा होता. मीठ चाखता येत नसताना ती माझ्यासाठी आणि ठकीबायसाठी रोज रांधत होती, आणि एकही दिवस कालवण खारट झालं नाही. हे मी तेव्हा तिला बोलून दाखवायला हवं होतं.

ठकीबायने पहिला घास घेतला आणि थांबली. "तुमी नाय जेवत?"

"माझा रोजा आहे," मी म्हणालो.

बावन्न वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं. जैनब दारात उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. नंतर परत घेता आलं असतं, पण दुसऱ्या दिवशी ठकीबायने पुन्हा विचारलं, "आज पन?" आणि मी म्हणालो, "महिनाभर."

"पानी पन नाय?"

"थेंब नाही. पहाटे उजाडायच्या आधी खायचं, मग एकदम सूर्य बुडाल्यावर." सांगताना माझा आवाज नेहमीसारखा भारदस्त झाला होता. अर्ध्या तासापूर्वी जेवलेल्या माणसाचा आवाज.

चौथ्या दिवसापासून ठकीबाय ताटावर बसेना. एक डबा घेऊन आली. म्हणाली, "यात द्या. घरी खाईन." मला वाटलं, घरी कुणी नातवंड आलं असेल. बरं वाटलं. मी जैनबला सांगून दोन भाकऱ्या जास्त घालायला लावल्या. डबा घेऊन ती नाक्यावर जाऊन बसायची आणि मी तिच्याकडे ओट्यावरून बघत मनाशी म्हणायचो, चला, आजचा फिदया झाला. संध्याकाळी मशिदीत जायचो. कमालभाईने सतरंजीवर माझ्यासाठी जागा धरून ठेवलेली असायची. अजान झाली की मीही बी काढून खजूर तोंडात टाकायचो. त्याला चव लागायची नाही, एवढं मात्र खरं सांगतो. खऱ्या रोज्याच्या दिवशी त्याच खजुराची चव काय लागते, ते मला माहीत होतं ना.

बारावा दिवस. ऊन कडक. दुपारचे तीन वाजले असतील. नाक्यावर नामदेवची चहाची टपरी आहे. तो धावत आला. "मुनाफभाय, तुमची ताडगोलेवाली बाय बसल्या जागी कलली."

मी चपला न घालता धावलो. मागून जैनब. ठकीबाय टपरीच्या सावलीत भिंतीला टेकून बसली होती, डोळे उघडे, ओठ पार सुकलेले. चार-पाच माणसं जमली होती. समोरच्या सायकलच्या दुकानातून कमालभाईही आला होता. नामदेव तिच्या तोंडाला पाण्याचा ग्लास लावत होता आणि ती मान फिरवत होती.

"पी ना, बाय," नामदेव काकुळतीला आला होता.

"सांज नाय झाली अजून," ठकीबाय म्हणाली.

मला आधी वाटलं, तिला भ्रम झालाय. मी खाली बसलो. "कसली सांज? पाणी पी."

तिने माझ्याकडे बघितलं. "तुमी नाय पीत, मंग मी कशी पिऊ? तुमच्या घरचा अन्न. घरधनी उपाशी न् आपून त्याच्या म्होरं बसून खायाचा, ते माजे आयनं मला नाय शिकवला. मी पन पहाटची भाकर खाऊन निगते. मंग सांजेला घरी जाऊन तुमचा डबा खाते."

तिचा डबा टोपलीच्या बाजूला तसाच होता, फडक्यात बांधलेला. नऊ दिवस ती पोटाशी जेवण घेऊन उन्हात उपाशी बसली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं. ना सवाब, म्हणजे रोज्याचं पुण्य, ठाऊक, ना तीस रोज्यांची बढाई. आणि मी, ज्याने तिचं पोट भरायचं कबूल केलं होतं, त्यानेच तिला उपाशी ठेवलं होतं. माझ्या एका थापेने.

मी मान वर केली. नामदेव, कमालभाई, मशिदीत रोज दिसणारे दोन चेहरे, सगळे माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी गप्प बसून जैनबच्या हातून तिला पाणी पाजून बघता आलं असतं. तिने ते प्यायलं नसतं, हेही मला कळत होतं.

मी नामदेवच्या हातातून ग्लास घेतला आणि भर दुपारी, भर नाक्यावर, सगळ्यांच्या देखत अर्धा प्यायलो. मग तिच्यापुढे धरला.

"घे, ठकीबाय. माझा रोजा नाही. एकही नव्हता. मला साखरेचं दुखणं आहे. मी रोज तुझ्या आधी जेवतो."

ठकीबायने ग्लास घेतला. सगळा संपवला. आणखी एक मागितला, तोही संपवला. मग म्हणाली, "मंग मला उपास हाय कशाला सांगितलाव?"

"लाज वाटत होती."

"खायाची?" ती खरंच विचारात पडली. "आमाला नाय मिळाला त लाज वाटते."

जैनबने तिला हाताला धरून घरी आणलं, ओट्यावर बसवून तोच डबा उघडून दिला. मी तोंड लपवून आत जाऊन पडलो.

संध्याकाळी मी मशिदीत जाणार नव्हतो. जैनब म्हणाली, "जा. बारा दिस खोटा चेहरा घेऊन गेलाव, आज तोंड लपवता? आज त खरे हाव." मी गेलो आणि सगळ्यात मागे, चपलांजवळ बसलो. कमालभाईने मागे वळून मला शोधलं, उठून आला आणि दंड धरून पुढे घेऊन गेला. त्याच्या शेजारची जागा रिकामीच होती.

"कमालभाई, माझा रोजा नाही," मी म्हणालो. "दुपारी बघितलंस ना."

"पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"कसं?"

"अजान झाली की आम्ही सगळे पाण्यावर तुटून पडतो. तू आपला खजुराची बी काढत बसतोस. दिवसभर तहानलेला माणूस बी काढत बसतो का?" तो हसला नाही. खजुरांचं ताट माझ्यापुढे सरकवलं. "सगळ्यांना माहीत होतं, मुनाफ. म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल. जागा कुठे पळून चाललीय?"

बारा दिवस मी त्यांना फसवत होतो आणि बारा दिवस ते माझ्यासाठी जागा धरून बसले होते. मला रडू आलं. लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता ठकीबाय आली. आज ओट्यावर दोन ताटं होती, रस्त्यावरून दिसतील अशी. मी तिच्यासाठी थांबलो होतो. इन्सुलिनची वेळही डॉक्टरीणबाईंना विचारून तासभर पुढे ढकलली होती. मी आधी जैनबला हाक मारून सांगितलं की बारा दिवस एकदाही मीठ कमी-जास्त झालं नाही. ती आतून म्हणाली, "आज समजला?" ठकीबाय मी पहिला घास गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने सुरुवात केली.

अर्धं जेवण झाल्यावर तिने विचारलं, "मुनाफभाय, मंग ते माजे उपास? आठ पुरे न् नववा अर्धा. फुकट गेले काय?"

आयुष्यभर मी लोकांना रोज्याबद्दल ऐकवलं होतं. या बाईपुढे मात्र मला शब्द जुळवावे लागले.

"मौलानांना विचारलेलं नाही," मी म्हणालो, "पण मला विचारशील तर यंदा या ओट्यावरून वर काही पोचलं असेल, तर ते तुझेच उपास. रोजा कशासाठी असतो ते मला बॉयलरवर ठाऊक होतं. मधे विसरलो. तू आठवण करून दिलीस. तुझे उपकार आहेत, ठकीबाय."

"मंग बरा," ती म्हणाली, आणि ताट पुढे करून अजून भात मागितला.

मी उठून वाढला. तो वाढताना अल्लाहचे जेवढे आभार मी मनातून मानले, तेवढे बावन्न वर्षांत कधी मानले नव्हते, आणि तेही भरल्या पोटी.