वासाचा रकाना

राघवने टाइप केलेला कागद चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि टोपण काढूनच पेन पुढे केलं. ही घाई क्षिप्राला मुळीच आवडली नाही.

“फक्त इथे सही, काका. बाकी सगळं आम्ही बघतो.”

राघव मूळचा पुण्याचा. उत्तर प्रदेशातल्या ज्या पेपर मिलमध्ये तो अधिकारी होता, तिथेच क्षिप्राचे सासरे दिनकरराव सत्तावीस वर्षं शिफ्ट इनचार्ज होते. निवृत्तीनंतर ते दिल्लीतल्या द्वारकेत मुलाकडे राहायला आले होते. आता मिलला उत्पादन दुप्पट करायचं होतं. त्यासाठी नव्या नियमाप्रमाणे गुरुवारी गावकऱ्यांपुढे जनसुनावणी होती. दिनकररावांकडे मराठी माणूस पाठवला की काम सोपं होईल, हे गुडगावच्या हेड ऑफिसात कुणाला तरी बरोबर सुचलं होतं.

क्षिप्राने कागद उचलून वाचला. ‘मिलमध्ये अथवा वसाहतीत मला कधीही दुर्गंधी जाणवली नाही.’ तिचं डोकंच फिरलं. लग्नानंतर चार दिवस ती त्या वसाहतीत राहिली होती. कोबी कुजल्यासारखा वास ताटात, उशीत, केसांत. तिच्या घशाखाली घास उतरेना आणि अख्खी वसाहत हसत होती की सूनबाई शहरातलं नाक घेऊन आल्यात.

“बाबा, हे खोटं आहे.”

“खोटं?” दिनकररावांचा आवाज चढला. “मी जन्मात खोटी सही केलेली नाही. लाकूड शिजवल्यावर जे काळं पाणी उरतं, ते बाकीच्या मिल सरळ नदीत सोडून मोकळ्या व्हायच्या. आम्ही ते आटवून बॉयलरमध्ये जाळायचो आणि त्यातला सोडा परत काढायचो. शंभर किलोतला पंच्याण्णव किलो! वायू धुवायला स्क्रबर होता, तो वेगळाच.”

“तो नीट चालतोय हे कशावरून कळायचं?”

“दर शिफ्टला मी स्वतः त्याच्या चिमणीखाली जाऊन उभा राहायचो. लॉगबुकात रकानाच होता वासाचा, ‘आहे’ की ‘नाही’. हुंगल्याशिवाय तो मी कधी भरला नाही. आणि सत्तावीस वर्षांत ‘आहे’ लिहायची वेळ आली नाही.”

“मीटर नव्हता?”

“नाक होतं की!”

राघव समजुतीच्या सुरात म्हणाला, “वहिनी, सवयीचा प्रश्न असतो. आम्ही मार्चमध्ये वसाहतीत राहायला गेलो, तेव्हा माझी शिवांगी पंधरा दिवस नाक धरून शाळेत जायची. आता नावही काढत नाही.”

“म्हणजे वास आहे!”

राघवने चहाचा कप तोंडाला लावला. सोफ्यावरून क्षिप्राच्या नवऱ्याने, प्रतीकने टीव्हीचा आवाज कमी केला.

“जाऊ दे ना यार, क्षिप्रा. बाबांना नाही आला तर नाही आला. मी तिथेच जन्मलो, कॉलेजला जाईपर्यंत तिथेच होतो. मला तरी कुठे आला?”

दिनकररावांनी पेनाला टोपण लावलं. “वाचल्याशिवाय मी सही करत नाही. उद्या सकाळी या.”

राघव गेला. क्षिप्राने पिशवी उचलली आणि ती भाजी आणायला बाहेर पडली. घरात थांबली असती तर नको ते बोलून बसली असती. सगळ्या गावाला नाक मुठीत धरून जगायला लावायचं आणि वर म्हणायचं, वास कुठे आहे! रागाच्या भरात तिने भेंडी न निवडताच घेतली.

परतताना दुसऱ्या मजल्यावरच तिला गॅसचा वास आला. तिसऱ्या मजल्यावर समोरच्या कौर आंटी ओढणी नाकाला लावून उभ्या होत्या.

“तुम्हारे घर से आ रही है. मैं बेल बजाने ही वाली थी.”

“बेल मत बजाइए, आंटी!”

क्षिप्राने किल्लीने दार उघडलं. प्रतीक मॅच बघत होता. ओट्यावर दूध उतू जाऊन बर्नर विझला होता आणि गॅस तसाच सुटत होता. ओट्याला लागूनच देव्हारा होता, आणि देव्हाऱ्यापुढे दिनकरराव दिवेलागणीची काडी ओढायच्या बेतात होते.

“बाबा, काडी नको!”

तिने काडेपेटी हिसकावून घेतली. शेगडीची कळ फिरवली, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. मग ती ओरडलीच.

“दोघं घरात बसून करत काय होतात? नाकं गहाण टाकलीत का?”

गॅस निघून जायला बराच वेळ लागला, तोवर दिनकरराव ओट्याशीच उभे होते.

“सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो,” अखेर ते म्हणाले. “गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन घालतात. आमच्या चिमणीतून निघायचं ते त्याच जातीचं.” मग ते शेगडीकडे वळले. “क्षिप्रा, कळ एकदा क्षणभर सोड.”

“बाबा, नको.”

“हुंगल्याशिवाय मी मानणार नाही.”

तिने रेग्युलेटर उघडून क्षणभर कळ सोडली. बारीक फुसफुस झाली. क्षिप्राने नाक दाबून तोंड फिरवलं. दिनकरराव बर्नरवर वाकले आणि तसेच राहिले.

“प्रतीक, इकडे ये.”

प्रतीक आला, वाकला. क्षिप्राने पुन्हा कळ सोडली. त्याने दोनदा खोल श्वास घेतला आणि बापाकडे बघून नकारार्थी मान हलवली.

“तू तर मिलमध्ये एक दिवसही काम केलं नाहीस,” दिनकरराव म्हणाले.

सकाळी राघव आला, तेव्हा कागद टीपॉयवर तयार होता. टाइप केलेल्या मजकुरावर आडवी रेघ होती. खाली लॉगबुकात लिहितात तशी तारीख, वेळ आणि चार ओळी. ‘घरात गॅस गळत होता. सुनेला जिन्यात वास आला. मला शेगडीपाशी आला नाही. माझ्या मुलालाही नाही, तो वसाहतीत जन्मला व वाढला.’ त्याखाली पूर्ण नावाची सही.

राघवने तो दोनदा वाचला. “काका, हा काही आम्हाला वापरता येणार नाही.”

“नका वापरू. गुरुवारी मी स्वतः येऊन वाचतो. क्षिप्राही येतेय.” दिनकररावांनी त्याचं पेन त्याला परत दिलं. “तुमची मुलगी नाक धरायची, ती कधीपासून थांबली?”

कागदाची घडी घालून राघव ती फाइलमध्ये ठेवायला गेला, मग त्याने ती शर्टाच्या खिशात ठेवली.

“वहिनी, घरी एक एसटीडी करू का?”

क्षिप्राने फोन त्याच्याकडे सरकवला. नंबर लागायला वेळ लागला, मग त्याच्या बायकोने फोन उचलला.

“हॅलो, मी बोलतोय. शिवांगी शाळेत गेली का? बरं, ऐक. ती आली की तिला गॅसपाशी ने. पेटवू नकोस, नुसती कळ सोड आणि तिला विचार.” पलीकडून काहीतरी बोलणं झालं असावं. राघवने डोळे मिटून घेतले. “नाही गं, आधी तू स्वतः हुंगून बघ.”