रॉकेटवरचा निळा कप

कपबशांच्या कारखान्यात बाईंनी एकतीस वर्षं डेकलं लावली. डेकल म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून अलगद सरकवत उतरवायचं चित्र. कपाच्या कानापासून दोन बोटं सोडून, रेषेला रेष. खाली हवेचा एक बुडबुडा राहिला तरी बाई तो कप स्वतःच्या हातानं फुटक्यांच्या टोपलीत टाकायच्या. हाताखालच्या पोरी त्यांना पाठीमागं 'फूटपट्टी' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. शाळा दुसरीतच सुटलेली, अक्षरं अजून एकेक करून जुळवावी लागायची. पण त्यांच्या हाताला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती.

म्हणून फिटरांचं रॉकेट अर्धवट राहिलं तेव्हा बाईंनी घरात सांगून टाकलं, की याला कुणी बोट लावायचं नाही, ते मी पुरं करणार.

फिटर म्हणजे बाईंचे यजमान. सगळा जन्म लेथवर गेला आणि निवृत्त झाल्यावर पुठ्ठ्याच्या नळीची हातभर लांब रॉकेटं करायचा नाद लागला. वर्षातून एकदा त्यांची मंडळी गावाबाहेरच्या माळावर जमायची आणि आपापली रॉकेटं उडवायची. या वयात माणसं नातवंडं खेळवतात, आमचे हे फटाके उडवतात, असं बाई येईल त्याला सांगायच्या. यंदाच्या रॉकेटचं लाकडी टोक कातून झालं, पंख चिकटवून झाले, आणि दीड महिन्यापूर्वी फिटरांचं उजवं अंग गेलं. वाचाही गेली. परवा डॉक्टर बाहेरच्या खोलीत हळू आवाजात म्हणाले, की आता दिवस मोजायचे. ते तुम्ही मोजा, मला काम आहे, असं त्यांना सुनावून बाई आत निघून आल्या, आणि मग मोरीत नळ सोडून बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या.

काम म्हणजे हेच. आज चार वाजता रॉकेट माळावरून उडायचं होतं, आणि त्याआधी ते पुरं झालेलं फिटरांनी डोळ्यांनी बघायचं होतं. दुसरं काही मागायचं बाईंनी सोडून दिलं होतं.

रंग तर असा बसला होता की हात फिरवत राहावं. आधी अस्तर, मग बारीक पॉलिश पेपरनं घासून नळीवरची जोडाची शीर बुजवली, मग पांढरा, पुन्हा घासून पुन्हा पांढरा. मोरीतल्या दांडीला टांगून वाळवलं आणि धूळ बसू नये म्हणून दोन दिवस कुणाला केर काढू दिला नाही. सुनेनं बिचकत विचारलं, की मग आंघोळीचं काय? दोन दिवस पाणी लागलं नाही तर कुणाचं काही झडत नाही, असं उत्तर मिळालं.

राहिली डेकलं. ती घरचीच होती. आजारी पडायच्या आधीच्या आठवड्यात फिटरांनी एक चित्र काढलं होतं, त्याच्याखाली काहीतरी लिहिलं होतं, आणि सुनेकडून घरच्या प्रिंटरवर खास कागदावर छापून घेतलं होतं. एका कागदावर दोन प्रती. तसला कागद घरात तेवढाच. तो कपाटातून काढून देताना सून म्हणाली होती, "आई, पाण्यात घालायच्या आधी वरून लॅकरचा फवारा मारायला लागतो. घरची शाई आहे ही."

"तू रांगत होतीस तेव्हा मी दिवसाला सहाशे कप करत होते," बाई म्हणाल्या होत्या.

बाराच्या सुमारास त्यांनी फिटरांच्या पलंगाशेजारी स्टूल ओढलं, वाडग्यात कोमट पाणी घेतलं आणि पहिली प्रत कापली. कापताना प्रथमच नीट पाहिलं. निळा कप होता, कपावर तीन पानांची डहाळी. त्यांच्या कारखान्याची डहाळी, त्यांनी एकतीस वर्षं लावलेली. या माणसानं कधी त्यांच्या कामाला चांगलं म्हटलं नव्हतं. त्याच कपात रोज चहा पिऊन उठायचा, बस. कपाखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. फिटरांच्या समोर अक्षरावर बोट ठेवून वाचायची बाईंना लाज वाटली. लावून होऊ दे, मग मोरीत जाऊन निवांत वाचू, असं त्यांनी ठरवलं.

वाडगा बघून फिटरांनी डावा हात उचलला आणि आडवा हलवला. पुन्हा हलवला. घशातून घरघर आली.

"मला शिकवू नका," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी डेकल पाण्यात सोडलं.

आधी एक निळा धागा निघाला. मग पानं पसरली. मग कप विरघळला आणि त्याच्यामागून ती ओळ, एकेक अक्षर, बाईंच्या डोळ्यांदेखत गेली. कारखान्यातली डेकलं भट्टीच्या रंगाची; ती रात्रभर पाण्यात राहिली तरी उतरत नसत. बाईंनी हात घातला तेव्हा बोटांवर नुसता पारदर्शक पापुद्रा आला, कोरा.

फिटरांनी डोळे मिटले. डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडं गेलं. ते पुसायला बाईंनी हात पुढं केला, तो निळा होता. त्यांनी मागं घेतला.

स्वयंपाकघरात सून भांडी लावत होती. बाई दारात उभ्या राहिल्या. या दारातून त्यांनी नऊ वर्षं फक्त चुका दाखवल्या होत्या.

"मी घालवलं," त्या म्हणाल्या. "तू सांगितलं होतंस. एक उरलंय. माझ्यानं होत नाही आता, तू ये."

सुनेनं हात पुसले. लॅकरचा डबा हलवून पाहिला, तळाशी थोडंसं खळखळलं. तीन हात मारायला हवेत, म्हणाली, मधे निदान अर्धा अर्धा तास वाळू देऊन. घड्याळात साडेबारा वाजून गेले होते आणि तीनला मंडळी रॉकेट न्यायला येणार होती.

दोन हात झाले. तिसऱ्याला डबा नुसताच फुसफुसला; कागदाचा खालचा उजवा कोपरा कोरडाच राहिला. बाई पुठ्ठ्यानं वारा घालत पलंगाशी बसल्या. फिटरांचा श्वास मधेच थांबायचा, तसा बाईंचा पुठ्ठाही थांबायचा. जरा धीर धरा, असं त्या पुटपुटल्या, आणि ते त्यांना की कागदाला, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

तीनच्या ठोक्याला फिटरांचे दोस्त आले, घड्याळं दुरुस्त करणारे. वहिनी, माळ पाचपर्यंतच आपल्याला दिलाय, असं ते दारातूनच म्हणाले. बाईंनी त्यांना खुर्ची दाखवली आणि तोंडावर बोट ठेवलं.

डेकल दुसऱ्या वाडग्यातल्या स्वच्छ पाण्यात गेलं. बाई कारखान्यातल्यासारखं चाळीसपर्यंत मोजू लागल्या, नजर पाण्यावर. पाणी नितळ राहिलं. पस्तिसाला उजव्या कोपऱ्यातून निळी धूसर रेघ सुटली तसं त्यांनी ते उचललं. रॉकेट सुनेनं फिटरांच्या छातीवर आडवं धरलं होतं, त्यांना दिसावं म्हणून. फिटरांनी त्याच्यावर डावा हात ठेवला. डेकल सरकलं, आणि नेमकं तेव्हाच, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, बाईंची नजर कामावरून सुटून त्या हातावर गेली. बसलं ते तिरपं. सरळ करायला जावं तर कोपरा फाटणार.

कारखाना असता तर बाईंनी हे टोपलीत भिरकावलं असतं.

"वाचू का, आई?" सून हळूच म्हणाली.

बाईंनी नको म्हणून मान हलवली. सगळ्यांसमोर, फिटरांसमोर, ओळीवर बोट ठेवून त्या स्वतः वाचू लागल्या. दर अक्षराला थांबत होत्या.

"वा-क-डं दि-स-लं, त-र फू-ट-प-ट्टी-ला..." शेवटचा शब्द कोपऱ्यात निळा फराटा झाला होता.

"विचारा," सून म्हणाली.

म्हणजे यांना ते नाव माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं. बाईंनी वर पाहिलं तर फिटरांच्या तोंडाची डावी कड किंचित वर गेली होती. नाहीतर मग ती श्वासाची ओढ असेल. बाईंना नक्की काय ते ठरवता येईना.

दोस्तांनी रॉकेट तान्ह्या मुलासारखं दोन्ही हातांत घेतलं आणि निघाले. तुम्हीही चला म्हणाले. बाई उठल्या नाहीत. सुनेनं मघाचा निळ्या पाण्याचा वाडगा उचलला, तर तो असू दे म्हणाल्या.

खिडकीतून समोरची भिंत आणि पाण्याची टाकी तेवढी दिसत होती. माळ कुठल्या कुठं. साडेचारला बाई खिडकीशी गेल्या, टाचा उंचावून वर पाहिलं, आणि परत येऊन म्हणाल्या, "गेलं बघा. अगदी सरळ गेलं."

फिटरांनी डावा हात उचलला आणि आडवा हलवला.

"बरं, तिरकं गेलं," बाई म्हणाल्या. "झालं समाधान?"

हात खाली येताना त्यांनी तो धरला. त्याचं वजन जास्त वाटलं. फिटरांचा श्वास थांबला, आणि बाई मोजू लागल्या.