दहा वर्षांसाठी कुणाचं नाव

चर्चच्या तळघरातल्या गोधड्या शिवायच्या नव्या मशीनला त्या मंगळवारी तीस दिवस पूर्ण होत होते, आणि वाढीव वॉरंटी घ्यायची की नाही हे दर मंगळवारी तिथे जमणाऱ्या पाच बायकांना अजून ठरवता आलं नव्हतं. घ्यायची तर आजच, असं फार्गो शहरातल्या दुकानदारानं फोन करून दोनदा बजावलं होतं. कंपनीची दोन वर्षं फुकट, पुढची आठ विकत.

मशीन आलं ते हिल्डाच्या कृपेनं. हिल्डा मोएन वसंतात गेली आणि जाताना लिहून गेली, की माझं बँकेत जे काही उरेल ते मंगळवारच्या गोधडीवाल्यांना द्या, त्यांच्या बोटांकडे आता बघवत नाही. बोटांचं खरंच होतं. या बायका साठ वर्षं गोधड्या शिवत नव्हत्या, बांधत होत्या. तीन थर टेबलावर ताणायचे, वितीवितीवर जाड दोऱ्याचा टाका घालायचा, गाठ मारायची आणि दोरा कापायचा. अशा शेकडो गोधड्या जहाजानं कुठल्या कुठल्या निर्वासितांच्या छावण्यांत गेल्या. पण सांध्यांनी असहकार पुकारला की गाठ कसली बसते! आता चौकटीवर गोधडी ताणायची, मशीनची मूठ धरायची आणि उभ्याउभ्या ते फिरवायचं. ब्याऐंशी वर्षांच्या मर्नाला ते पहिल्याच दिवशी जमलं आणि तेव्हापासून ती कुणाला हात लावू देत नव्हती.

कागदपत्रं होती आर्डिस टोलेफसनकडे. ती सत्याहत्तरची, म्हणजे इथली धाकटी. फॉर्म महिनाभर तिच्या पिशवीत होता आणि त्यातल्या एका ओळीनं तिची झोप उडवली होती: 'मुदत संपेपर्यंत संपर्कासाठी उपलब्ध असणारी व्यक्ती.'

आर्डिस जाणार होती. म्हणजे जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. फेब्रुवारीत ती घराच्या पायरीवर बर्फावरून घसरली, मनगट मोडलं, आणि तेव्हापासून ॲरिझोनातल्या तिच्या मुलानं, कर्टिसनं, फोनवर एकच धोशा लावला होता. "आई, एकटीनं तिथे काय करतेस? इथे खोली तयार आहे." रविवारपर्यंत सांगते असं तिनं कबूल केलं होतं. कर्टिसच्या घराभोवती गवताऐवजी दगड पसरलेले होते, आणि ते मुद्दाम विकत आणलेले होते, हे तिच्या पचनी पडत नव्हतं. पण मुलगा गुणी होता, सून चांगली होती, आणि आपलं घर संध्याकाळी फार मोठं वाटतं हेही खोटं नव्हतं.

मैत्रिणींना तिनं यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. आपण गेलो की मंडळ बंद पडणार, हे तिला दिसत होतं. सोल्वेगला ऐकू येत नाही, बर्नाडिनला गाडी चालवता येत नाही, आणि मर्नाचं कुणाशी अर्धा तास पटत नाही. आर्डिस सगळ्यांना गाडीतून आणते, पोचवते, भांडणं मिटवते. तेव्हा वॉरंटी नकोच असं सगळ्यांनी मिळून ठरवलं तर बरं, असं तिला चोरून वाटत होतं. दहा वर्षांचा भरवसा कुणालाच नाही म्हटल्यावर मंडळ आपोआप संपेल, आणि ते आपल्यामुळे संपलं असं कुणी म्हणणार नाही. या विचाराची तिला लाजही वाटायची.

"मग?" कॉफी ओतताना तिनं विषय काढला. "आज सांगायचंय त्याला."

"तुम्ही म्हणाल तसं," बर्नाडिन म्हणाली.

"माझं काही नाही," लवॉन म्हणाली. "तुम्हाला हवी असेल तर घ्या."

घोडं महिनाभर इथेच पेंड खात होतं. या गावात 'मला हवं' असं म्हणण्याची रीतच नाही. ताटलीतली शेवटची लिंबाची वडी कुणी उचलत नाही. जो येतो तो तिची अर्धी कापून घेतो, पुढचा त्याची अर्धी, आणि दुपारी ताटली धुवायला घ्यावी तर तिच्यावर नखाएवढा चुरा. अशा लोकांनी 'मी दहा वर्षं जगणार आहे' असं चारचौघीत म्हणावं म्हणजे अतीच झालं.

"मशीनला दहा वर्षांची वॉरंटी," मर्ना मूठ न सोडता म्हणाली, "आणि मला डॉक्टर सहा महिन्यांपुढची तारीख देत नाही."

"तुला यम पण घाबरतो गं," लवॉन म्हणाली. "तो सुद्धा आधी फोन करून येईल."

"येऊ दे. ही कड संपवल्याशिवाय मी जागची हलणार नाही."

सगळ्या हसल्या. आर्डिसलाही हसू आलं. तिनं घाईघाईनं फॉर्म टेबलावर ठेवला.

"हे बघा, घ्यायची तर इथे एक नाव लागतं. मशीन बिघडलं तर कारागिराला बोलवायचं, दार उघडायचं, त्याच्याशी बोलायचं. दहा वर्षं. असं कुणी आहे का आपल्यात? तोंडानं सांगू नका, चिठ्ठीवर लिहा. कुणी नसेल तर कोरी टाका. जास्त कोऱ्या निघाल्या तर विषय संपला."

कापडाचे नमुने ज्याला टाचतात त्या कागदाचे तिनं पाच तुकडे केले. स्वतः तिनं 'मर्ना' लिहिलं. ते खोटं होतं, पण कोरी टाकायला हात धजेना. चिठ्ठ्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पडल्या. बाकीच्या चार कोऱ्याच निघणार याची तिला खात्री होती.

पहिली तिची स्वतःचीच निघाली. "मर्ना," तिनं वाचलं.

"कुठल्या शहाणीनं लिहिलं?" मर्ना म्हणाली.

दुसरी उघडली. 'आर्डिस.' अक्षर बर्नाडिनचं, शाळामास्तरणीचं. तिसरी: 'आर्डिस टी., आणखी कोण?' ही लवॉनची. चौथीवर मोठ्या अक्षरांत, कागद फाटेल इतकं दाबून: 'आर्डिस.' वर मशीनच्या तेलाचा बोटाचा ठसा.

पाचवीवर लिहिलं होतं, 'दोन चमचे, दूध नको.'

"सोल्वेग!" लवॉन तिच्या कानाशी ओरडली. "कॉफीचं नाही विचारलं! दहा वर्षं इथे कोण असेल ते विचारलं!"

"हात्तिच्या," सोल्वेग म्हणाली. "ते काय विचारायचं? आर्डिस."

आर्डिस चिठ्ठ्या हातात धरून उभी होती. आता गप्प बसणं म्हणजे शुद्ध फसवणूक झाली असती.

"मी तुम्हाला एक सांगितलं नाही," ती म्हणाली. "कर्टिस मला—"

"ॲरिझोनाला नेतोय," मर्ना म्हणाली. "माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

लवॉननं मान खाली घातली. "कर्टिसनं घराची किंमत विचारायला माझ्या भाच्याला फोन केला होता. गावात घरं विकणारा तो एकटाच, बाई. तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे! आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?"

"काय बोलणार?" बर्नाडिन म्हणाली. "जा म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. राहा म्हणणं म्हणजे तुझ्या आणि तुझ्या मुलाच्या मध्ये पडल्यासारखं. तुझं तू बघशील."

"मग हे काय आहे?" आर्डिसनं चिठ्ठ्या पुढे केल्या.

"तूच म्हणालीस, तोंडानं सांगू नका," मर्ना म्हणाली. तिनं महिनाभरात पहिल्यांदा मूठ सोडली. "आता नको म्हणालीस तरी चालेल, आम्ही काही रुसणार नाही. पण नाव तुझंच लिहिणार होतो. दुसरं सुचलंच नाही कुणाला."

आर्डिसला रडू आलं. ती खुर्चीवर बसली आणि मनसोक्त रडली, आणि बाकीच्या चौघी तिच्यापुढे कॉफी, वडी, रुमाल, आणखी कॉफी ठेवत राहिल्या. तिला महिनाभर वाटत होतं, की या बायका आपल्याला धरून आहेत, आपण सुटलो की पडतील. पण पायरीवर पडली त्या दिवशी तिला उचलायला कोण आलं होतं? मर्ना आणि बर्नाडिन, एकमेकींना धरत, घसरत, भांडत. हे ती कर्टिसला सांगायचं विसरूनच गेली होती. आता रविवारपर्यंत थांबायचं नाही, मी इथेच राहणार हे आजच सांगायचं, आणि हिवाळ्यात महिनाभर तुझ्याकडे येते म्हणून सांगायचं. दगडसुद्धा बघून होतील.

तिनं फॉर्म ओढला, नाव लिहिलं, पत्त्यापुढे गावातल्या घराचा पत्ता लिहिला आणि भिंतीवरच्या फोनवरून फार्गोला फोन लावला. दुकानदारानं सगळं उतरवून घेतलं.

"आणि मॅडम, घरचा हा नंबर दहा वर्षं हाच राहील ना? लोक बदलतात आणि कळवत नाहीत."

"हाच राहील," आर्डिस म्हणाली. "फक्त मंगळवारी करू नका. मंगळवारी मी घरी नसते."