उरलेला घोट

मित्रांनो, मी एक जुना पितळी पेला आहे. चहापाण्याचा नव्हे, ख्रिस्ती उपासनेतल्या प्रभुभोजनाचा. निजामाच्या राज्यात जालन्याच्या एका तांबटाने मला घडवले, मुबारक कल्हईवाल्याने आतून चकचकीत केले आणि मी मिशनच्या दवाखान्यात आलो.

तिथले धर्मराज पाळक दीक्षा घेतलेले धर्मगुरू होते. प्रभूची भाकर मोडायचा आणि मला उचलायचा अधिकार त्यांचाच. रविवारची उपासना आटोपली की ते मला घेऊन क्षयाच्या खोल्यांकडे निघत. रोगी माझ्यातूनच एकेक घोट घेत. उरलेला द्राक्षरस सांडायचा नाही, तो पाळकाने स्वतः प्यायचा, असा आमचा रिवाज होता. डॉक्टरीणबाई त्यांच्यावर रागावत. त्यांच्या पत्नीने, सोनूबाईंनी, तर पदर पसरला. उरलेला रस झाडाच्या मुळाशी ओता, देव काही कोपणार नाही, असे त्या रडून सांगत.

पाळक म्हणाले, “घरच्यांनी ह्या रोग्यांची ताटं-तांबे फेकून देल्ते. मी बी तोंड फिरवलं, तर मंग त्यांनी कोणाकडं पाहावं?”

 सोनूबाई मला राखेने इतक्या जोरात घासत, की माझी कल्हई उडाली. जिवाची भीती नवऱ्याला नव्हती, ती सगळी त्यांच्याच वाट्याला आली होती.

शेवटी व्हायचे तेच झाले. रझाकारांच्या धामधुमीच्या वर्षी पाळकांची खाट त्याच खोल्यांत पडली. मला फार रडू आले, पण पेल्याचे रडणे कोणाला दिसते?

बीडहून नवे, तरुण पाळक आले. त्यांनी सर्वांना रस दिला. सगळ्यांत शेवटी प्यायल्या पिंपळगावच्या गोजरबाई. त्यांना सासरच्यांनी दवाखान्याच्या फाटकापाशी सोडले होते. तळाशी घोटभर उरला. नवे पाळक माझ्याकडे पाहत तसेच उभे राहिले. सगळ्या खाटा त्यांच्याकडे पाहत होत्या. गोजरबाईंनी मान खाली घातली.

धर्मराज पाळक कसेबसे बोलले, “राहू द्या. तुमची लेकरं लहान हायेत.”

तेव्हा सोनूबाई पुढे आल्या. त्यांना दीक्षा नव्हती, मला उचलायचा अधिकारही नव्हता. त्यांनी मला नव्या पाळकांच्या हातातून घेतले, गोजरबाईंकडे पाहिले आणि तो घोट पिऊन टाकला. धर्मराज पाळक लहान मुलासारखे रडले. त्याच आठवड्यात ते गेले.

आता मी कपाटात असतो. प्रत्येकाला वेगळा पेला मिळतो आणि ते बरेच झाले. मित्रांनो, आजाऱ्याचे भांडे खुशाल वेगळे ठेवा. पण ते ठेवून लगेच उठू नका. त्याच्यापाशी थोडे बसा.