व्हेल्माने न उघडलेलं दार

आमच्या बुरांगी गावाचा स्वतःचा निधी आहे. लोण्याचा सहकारी कारखाना बंद पडला तेव्हा सभासदांनी त्याची जमीन विकून तो उभा केला. त्याच्या व्याजातून दरवर्षी गावात काहीतरी होतं. कधी पोहण्याच्या तलावावर छत, कधी म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणारी गाडी, तर कधी वणवा विझवणाऱ्यांना पंप. कोणाला काय द्यायचं ते समिती ठरवते. व्हेल्मा डनस्टन अध्यक्ष आणि मी, बेकरीवाली आयलीन, तिच्या हाताखालची.

मारकुट्या नवऱ्यांपासून पळालेल्या बायकांसाठी घर हवं, असा अर्ज आला तेव्हा समितीत कुरकुर झाली. घरातलं घरात राहू द्यावं, असं काहींचं म्हणणं होतं. व्हेल्माने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि होकाराचा हात वर केला. टपाल कचेरीमागचं घर घेतलं. आतल्या खोलीला पोलादी दार बसवलं. पोलीस ठाणं लांब, म्हणून धोक्याची घंटा आग विझवणाऱ्यांच्या शेडमध्ये वाजेल अशी जोडली. घरात आळीपाळीने आम्ही समितीवालेच बसायचो.

मार्चमधल्या एका दुपारी व्हेल्मा आणि मी त्या घरात असताना टीगन आली. व्हेल्माची सून. जबडा एका बाजूला सरकलेला, छातीवर रक्ताचे ओघळ, कडेवर लहान मुलगी. तिला बोलता येत नव्हतं. कोणी केलं, हे व्हेल्माने विचारलं नाही. कॉलम तिचा एकुलता एक मुलगा. तिने मायलेकींना आतल्या खोलीत नेलं, कडी लावायला सांगितली आणि स्वतः बाहेर त्या दारापाशी उभी राहिली.

कॉलमची गाडी कुंपण मोडून अंगणात घुसली. मी घंटेचं बटण दाबलं. तेवढ्यात पुढच्या खिडकीची काच फुटली आणि तो पहार घेऊन आत आला. मी आडवी गेले, तर त्याने माझ्या मनगटावर पहार हाणली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पुढचं सगळं मी भिंतीशी पडून पाहिलं.

आईला पाहून तो क्षणभर थबकला.

"आई, बाजूला हो."

"नाही होणार."

"माझी बायको आहे ती."

"म्हणून तिचा जबडा मोडलास? दार उघडणार नाही, कॉलम."

त्याने पहिला घाव दारावर घातला. पोलाद नुसतं दणाणलं. आतून पोरीचं किंचाळणं ऐकू येत होतं. दुसऱ्या घावाच्या वेळी व्हेल्माने पहार धरली. त्याने ती हिसकावली आणि आईच्या खांद्यावर मारली. ती गुडघ्यांवर बसली, पण पाठ दारालाच टेकवून. त्याने तिला केसांना धरून ओढलं, लाथ घातली. ती पुन्हा सरपटत दाराशी आली. तिचं नाक फुटलं होतं.

मग आग विझवणारे आले. त्यातले निम्मे कॉलमच्याच फुटबॉल संघातले. म्हातारीचं तोंड पाहून त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी त्याला पाडला आणि बुटांनी तुडवायला सुरुवात केली. त्याचे दात फरशीवर सांडले. एकाने तीच पहार उचलली.

"खाली ठेव ती," व्हेल्मा म्हणाली. आवाज जेमतेम निघत होता. "त्याला पोलिसांकडे द्या. जिवंत."

पोलीस येईपर्यंत ते त्याच्यावर बसून राहिले.

कोर्टात व्हेल्माने साक्ष दिली, काही लपवलं नाही. कॉलमला शिक्षा झाली. ती तुरुंगात भेटायला जाते. पहिल्या काही खेपांना तो तिला भेटायला कोठडीतून बाहेर आलाच नाही, तरी ती जात राहिली. टीगन आता माझ्याकडे बेकरीत असते. गार हवेत तिचा जबडा दुखतो, माझं मनगटही. त्या घराच्या खर्चाबद्दल मात्र आता कोणी कुरकुरत नाही. शेजारच्या गावांतूनही बायका येतात.

यंदाच्या बैठकीत हात उगारणाऱ्या पुरुषांसाठी समुपदेशक नेमायचा अर्ज होता. मी विरोध केला. म्हटलं, असल्यांवर गावाचा निधी कशाला उधळायचा? टीगनपुढे आपण काय तोंड दाखवणार?

व्हेल्माने तो अर्ज माझ्यापुढे सरकवला.

"तो सुटून येणारच आहे, आयलीन," ती म्हणाली. "इथेच येईल. टीगनही इथेच असेल."

तिने दुखरा खांदा सावरत डावा हात वर केला. मी वेळ घेतला, पण माझाही हात वर गेला.