तांबड्या मातीचा उंदीर

मी एक जुना पिंजरा आहे, उंदीर जिवंत धरणारा. मित्रांनो, माझ्या तारा गंजल्या, तरी जवळ काही खुडबुडलं की माझं दार अजून थरथरतं. ही भीती १९६४ सालच्या भादव्यातली.

लोणावळ्याच्या एका कारागिराने मला आणि माझ्या जुळ्या भावाला एकाच तारेतून विणलं. दवाखान्याचा शिपाई रखमाजी आम्हांला घेऊन कार्ल्याच्या डोंगरावरच्या वाडीत आला. तिथे बायडाबाईची चिंगी तापाने फणफणली होती. अंगाला लागायची हळद पोरीच्या डोळ्यांत उतरली होती. दवाखान्याच्या डॉक्टरांनी सुया सुरू केल्या, पण घोर वेगळाच होता. या तापाचा जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात उतरतो. कुठल्या पाण्यात? सगळी वाडी झऱ्याचं पाणी पीत होती आणि दिवसभर भातखाचरात राबत होती. उद्या कुणाची पाळी?

मला झऱ्याशी लावलं, भावाला खाचराच्या बांधावर. सकाळी दोघांत एकेक उंदीर, टुणटुणीत, आजाराची खूणसुद्धा नाही. त्याचंच मला भय वाटलं, कारण जंतू अंगात असला तरी उंदीर असाच धडधाकट दिसतो. वाटेत भावाचं दार निखळलं, तेव्हा रखमाजीने त्याचा उंदीर माझ्यातच ढकलला.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, यातला झऱ्याचा कुठला?"

"उंदीर तो उंदीर, साहेब."

"उंदीर सारखे असतील. त्यांच्यातले जंतूही दिसायला एक, पण कुळी निरनिराळ्या. चिंगीच्या रक्तातली कुळी ज्याच्यात सापडेल, ते पाणी बंद करायचं."

मला ठाऊक होतं, मित्रांनो! पण तारेला तोंड कुठलं?

तेवढ्यात बायडाबाई वाकली. "रखमाजीभाऊ, वरात काढलीस व्हय दोघांची? ह्याच्या पायाला तांबडी माती, ह्यो झऱ्याचा. त्यो काळ्या चिखलाचा, खाचरातला. जल्मभर बिळं उकरल्यात आमी."

चिंगीचं रक्त आणि उंदीर पुण्याच्या प्रयोगशाळेत गेले. दोन महिने बायका लांबून नदीचं पाणी आणून उकळत होत्या, उघड्या पायाने कुणी खाचरात उतरत नव्हतं. रोज उजाडताच बायडाबाई एकेका पोराची पापणी ओढून पिवळेपणा शोधायची.

मग पुण्याहून तपासणीचा कागद आला. चिंगीचा जंतू झऱ्याच्या उंदरातला निघाला. झऱ्याभोवती काटे पडले. तोवर चिंगी भिंत धरून चालू लागली होती.

"आन् खाचरातला?" बायडाबाईने विचारलं.

"त्याच्यात दुसरीच कुळी निघाली. तिला अजून नावही नाही."

"ती कुनाला धरंल?"

डॉक्टरांनी कागद उलटून पाहिला; मागची बाजू कोरी होती.

आता मी दवाखान्याच्या माळ्यावर आहे. मित्रांनो, मला खाली काढाल तेव्हा दाराची कडी तपासा, आत उघडा हात घालू नका. आणि उंदीर कुठे धरला, त्याची चिठ्ठी माझ्या गळ्यात बांधा. मला सगळं ठाऊक असतं, पण सांगता येत नाही. आणि बायडाबाई दर वेळी तिथे उभी नसेल.