डबा स्वच्छ

काटा हलत नव्हता.

दाबमापकावर दहाच्या आकड्याशी तो जो ठाण मांडून बसला होता, तो अर्धा तास झाला तरी उठेना. मुख्य कचेरीतून आलेले हरिहर साहेब खुर्चीत बसून मनगटावरचं घड्याळ बघत होते. शेजारी मंदाकिनीबाई आठल्ये, डोंबिवलीतल्या या लहानशा प्रयोगशाळेच्या प्रमुख, ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या. केमिस्ट प्रभाकर उगाचच व्हॉल्व्ह चाचपत होता. आणि दाराशी उभा असलेला धाकू, ज्याच्याकडे बघायचं कोणाला कारणच नव्हतं, घामाने निथळत होता. काटा का हलत नाही, हे त्या खोलीत त्याला एकट्याला ठाऊक होतं.

प्रयोग सांगायला सोपा. मॅग्नेशियमची भुकटी तापवून तिच्यावर हायड्रोजन सोडला की ती तो पिते, पोटात साठवून ठेवते आणि दाबमापकाचा काटा खाली येतो. पुढेमागे त्यावर गाड्या चालतील, असं बाई म्हणत. पण ही बया पिते फार सावकाश, तापकऱ्याने पेज प्यावी तशी. म्हणून बाई तिच्यात चिमूटभर निकेल घालत. "उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ हो," त्यांनी धाकूला एकदा सांगितलं होतं. "जुळवून देतो, जेवतो, आणि आला तसा घरी जातो." गेल्या दिवाळीनंतर ही भुकटी अचानक दहा मिनिटांत हायड्रोजन प्यायला लागली. सहा महिने अहवालांतून निकेलचे गोडवे गायले गेले. तोच चमत्कार बघायला साहेब आले होते. सगळं माझ्यासमोर झालं पाहिजे, अशी त्यांची अट होती. म्हणून या वेळी भुकटी दळायचा डबा प्रभाकरने भरला आणि तोवर धाकूला बाहेर थांबायला सांगितलं.

"गुरुवारी परत येतो," साहेब उठले. "तेव्हाही हेच झालं, तर मॅडम, हा विभाग मी चालू ठेवू शकणार नाही."

धाकू मोठागावचा कोळी. खाडीत मासळी मिळेनाशी झाली तेव्हा जाळं सोडून इथे लागला, त्याला बावीस वर्षं झाली. डब्यात मॅग्नेशियम आणि पोलादी गोळ्या भरायच्या, डबा वीस तास गिरणीवर फिरवायचा, मग काचेच्या बंद पेटीत रबरी हातमोज्यांतून भुकटी खरवडायची. पण मॅग्नेशियम डब्याला असं चिकटायचं की खरवडता खरवडता अर्धा दिवस जाई आणि धाकूचे खांदे भरून येत. घरी खाऱ्या वाऱ्याने कुलूप अडलं की बायको सगुणा त्यात पेन्सिलीचं शिसं किसून घालायची. तेलाने कचरा धरतो, शिशाने नाही. दिवाळीत धाकूनेही सुताराची पेन्सिल आणली आणि शिसं किसून डब्यात टाकलं. भुकटी आपोआप सुटून आली. मग दर वेळी तेच. आणि दर वेळी रजिस्टरमध्ये 'डबा स्वच्छ' या छापील शब्दांपुढे त्याची सही. नमुन्यात एक केस सापडला म्हणून बाईंनी महिन्याचं काम फेकून दिलेलं त्याने पाहिलं होतं. सांगायची हिंमत त्याला कुठून व्हावी?

साहेब गेले त्या संध्याकाळी सगुणाने ओळखलंच. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाय तुमची सही बघूनच आपली सही करते ना?"

"हो."

"मंग जाऊन सांगा. नोकरी गेली तर जाऊं दे."

मंगळवारी सकाळी धाकूने पेन्सिल बाईंच्या टेबलावर ठेवली.

"बाई, डबा स्वच्छ नव्हता."

"कुठला?"

"सगले. दिवालीपासून."

त्याने सांगितलं तसा बाईंचा चेहरा उतरत गेला. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "सहा महिने, धाकू? अहो, माझ्यासमोर खोटी सही करत होतात तुम्ही!" धाकूला वाटलं, पायाखालची फरशी निघावी आणि आपण खाली जावं.

दाराशी ऐकत उभा असलेला प्रभाकर मात्र खुलला. "अहो मॅडम, सुटलो की! गुरुवारी निकेलबरोबर गुपचूप पेन्सिल टाकू. साहेबांना काय कळतंय?"

बाईंनी टेबलावरची पेन्सिल उचलून बोटांत फिरवली.

"निकेल घालू नकोस," त्या म्हणाल्या. "नुसती पेन्सिल. काम कोणाचं, ते कळू दे."

"आणि तरी काटा उतरला तर? आपले सगळे अहवाल खोटे ठरतील."

"चुकीचे ठरतील. गुपचूप टाकलं तर खोटे ठरतील."

गुरुवारी झडप उघडली आणि काटा निघालाच. नऊ, आठ, सात. अकराव्या मिनिटाला काटा चारवर टेकला. हरिहर साहेब टाळी वाजवायचेच बाकी होते. "वा! मॅडम, तुमच्या निकेलने..."

"यात निकेल नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं. मॅग्नेशियम डब्याला चिकटायचं थांबलं म्हणून ते बारीक दळलं गेलं आणि भरभर प्यायला लागलं; मध्यस्थ भलताच निघाला. मुंबईच्या परिषदेला पाठवलेला निबंधही आपण मागे घेतला आहे, असं त्या म्हणाल्या.

साहेब खुर्चीत मागे टेकले. "तुम्ही हे सांगितलं नसतंत तर बरं झालं असतं. आता बोर्डाला काय सांगू? सहा महिने निकेल म्हणत होतो, आता सुताराची पेन्सिल म्हणतोय? पुढच्या अहवालावर कोण विश्वास ठेवील?" ते उठले. "महिनाअखेर विभाग बंद. आणि या माणसाचं..."

"त्याच्या सहीखाली माझी सही आहे," बाई म्हणाल्या. "जे लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

साहेबांची गाडी गेली. बाईंनी रजिस्टर उघडून धाकूपुढे सरकवलं. त्याने पेन हातात घेतलं, पण ते पुढे जाईना.

बाईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. 'स्वच्छ' या छापील शब्दावर रेघ मारली आणि बारीक अक्षरात लिहिलं: पेन्सिलीचं शिसं, अर्धा ग्रॅम. पद्धत धाकू गोमाजी कोळी यांची.

"आता करा सही," त्या म्हणाल्या.

धाकूने हात पँटला पुसले आणि सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. बाईंनी खाली आपली केली. पलीकडे प्रभाकर सिलिंडर बंद करत होता. काटा अजून चारवरच होता.